रात्री बंद न होणारा पंखा

रेशीमाची बॅच बिघडली किंवा अळिंबीचे बेड नासले, की दोष आधी अंडीपुंजांना, पाल्याला, स्पॉनला आणि परभणीच्या उन्हाला दिला जातो. यातले प्रत्येक कारण कधी ना कधी खरे असतेच. पण बंदिस्त जागेत घेतलेल्या पिकाची आणखी एक गरज असते, ती म्हणजे रात्रंदिवस बदलत राहणारी हवा. शेडमध्ये पंखा असूनही ही गरज भागत नाही, कारण तो पंखा रात्री बंद केला जातो. त्यामागे वीजबिलाची काळजी थोडी असते आणि आवाजाचा त्रास जास्त. पत्र्याच्या चौकटीत थडथडणाऱ्या एक्झॉस्टशेजारी कोणी झोपू शकत नाही, आणि आपल्याकडे रेशीम शेड, अळिंबीची खोली व माणसांचे झोपणे एकमेकांना लागूनच असते. म्हणून माझे म्हणणे असे, की पंख्याचा आवाज हा सोयीगैरसोयीचा विषय समजणे चुकीचे आहे. तो उत्पादनाचा विषय आहे. शांत पंखा मिस्त्रीच्या मदतीने गावातच तयार होऊ शकतो, आणि तो कसा करायचा हे मोजमापासह सांगण्याची जबाबदारी परभणीतल्याच संस्थांनी घेतली पाहिजे.

आधी रेशीम घेऊ. शंभर अंडीपुंजांतून चाळीस हजारांच्या आसपास अळ्या निघतात. चौथी कात टाकून होईपर्यंत त्यांचा पसारा फारसा जाणवत नाही. पाचव्या अवस्थेत चित्र पालटते. अळी जन्मभरात जेवढा पाला खाते, त्यातला ऐंशी टक्क्यांहून अधिक पाला ती या शेवटच्या सात-आठ दिवसांत फस्त करते. रॅकवर तुतीच्या फांद्यांचा थर चढतो, खाली विष्ठा आणि उष्टा पाला साचतो, तो ओला राहून तापतो. त्यातून अमोनिया सुटतो, अळ्यांच्या श्वासोच्छ्वासातून कार्बन डायऑक्साइड येतो, आणि या सगळ्याबरोबर भरपूर बाष्प. प्रौढ अळीला साधारण 24 ते 26 अंश तापमान आणि 65 ते 70 टक्के आर्द्रता मानवते. कोंदट शेडमध्ये यातले काहीच टिकत नाही, अळ्या मंदावतात आणि फ्लॅचरी, ग्रासरीसारख्या रोगांना वाव मिळतो. पुढचा टप्पा तर आणखी नाजूक. अळी चंद्रिकेवर, म्हणजे कोष विणण्याच्या चौकटीवर, चढली की कोष विणण्याआधी पोटातले पाणी बाहेर टाकते. हजारो अळ्यांचे हे पाणी एकाच दिवसा-दोन दिवसांत शेडच्या हवेत मिसळते. हवा हलली नाही तर धाग्यावरचे सेरिसिन, म्हणजे चिकट आवरण, उशिरा वाळते, थर एकमेकांना घट्ट धरतात आणि कोष उकलताना धागा वारंवार तुटतो. पंचवीस दिवस राबून वाढवलेल्या बॅचचा भाव असा शेवटच्या दोन-तीन रात्रींत घसरतो. पूर्वी मराठवाड्यातला शेतकरी कोष घेऊन कर्नाटकात रामनगरमला जायचा. 2018 मध्ये जालन्यात कोष बाजार सुरू झाला आणि ती पायपीट बरीच कमी झाली. बाजार जवळ आला, तसा कोषाच्या प्रतीचा हिशेबही रोखठोक झाला. अशा वेळी हवेकडे दुर्लक्ष परवडणारे नाही.

धिंगरी अळिंबीचे गणित याहून सरळ आहे. सोयाबीनचे भुसकट या जिल्ह्यात घरोघरी असते, त्यामुळे एका खोलीत बेड टांगून हा व्यवसाय करणे बचत गटातल्या महिलांना जमण्यासारखे आहे. बुरशी भुसकटात पसरत असते तेव्हा तिला कोंडलेली हवा चालते, उलट थोडी मानवतेच. पण फळ धरायची वेळ आली की तिला मोकळी हवा लागते. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड दहा लाखांत सव्वाचारशे भागांच्या आसपास असतो. अळिंबीच्या खोलीत तो हजाराच्या वर चढत गेला, की देठ लांबतात, छत्री लहान राहते आणि माल बघताक्षणीच बाजूला पडतो. अनुभवी उत्पादकाला मीटरची गरज नसते, लांब मानेची अळिंबी दिसली की हवा कमी पडली हे कळते. दुसरा मुद्दा माणसांच्या प्रकृतीचा आहे. धिंगरी पक्व झाली की तिच्यातून अतिसूक्ष्म बीजाणू अमाप उधळतात. बंद खोलीत रोज ते छातीत गेले तर काहींना ताप, कोरडा खोकला, धाप असा ॲलर्जीचा फुप्फुसविकार जडतो, आणि हे वैद्यकशास्त्रात नोंदलेले आहे. खोली घरातच असेल तर ही हवा स्वयंपाकघरात किंवा ओसरीत न येता बाहेर गेली पाहिजे. पंखा बंद पडला की ती दाराच्या फटीतून घरातच येते, मग तोंडाला रुमाल बांधून भागत नाही.

आता आवाजाकडे. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत 45 डेसिबल ही मर्यादा ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनी घालून दिली आहे. पत्र्याला ठोकलेला जोरकस एक्झॉस्ट जवळून ऐकला तर ही मर्यादा सहज ओलांडतो. पण कायद्याचा धाक इथे मुळात गैरलागू आहे. शेजाऱ्याने तक्रार करण्याआधी घरातलेच माणूस उठून बटण बंद करते. मग रात्रभर हवा कोंडते, पहाटे दार उघडले की अमोनियाचा भपकारा येतो आणि पंखा दिवसभर जोरात चालवून भरपाईचा प्रयत्न होतो. पिकाला दिवसापुरता सुटलेला वारा नको असतो, त्याला थोडी पण अखंड हवा हवी असते. दिवसभराच्या जोरदार पंख्याने अळिंबीची खोली कोरडी पडते, बेडवरचे कोंब सुकतात, आणि ‘पंख्यानेच नुकसान झाले’ असा निष्कर्ष निघतो. एका अर्थी तो बरोबर असतो. पंखा चुकीचा होता, पण पंखा असणे चुकीचे नव्हते.

चूक कुठे होते ते आकड्यांत पाहू. दहा बाय बारा फुटांची, दहा फूट उंचीची खोली म्हणजे बाराशे घनफूट हवा. ती तासाला पाच वेळा बदलायची तर मिनिटाला शंभर घनफूट पुरे. बाजारातला बारा इंची एक्झॉस्ट मिनिटाला हजाराच्या आसपास घनफूट हवा ओढतो, म्हणजे ही खोली तो सव्वा मिनिटात रिकामी करतो. गरजेच्या दहापट हवा आणि त्याच मापाचा गोंगाट. याच कामाला कॉम्प्युटरच्या डब्यात बसतात तसले बारा सेंटिमीटरचे, बारा व्होल्टचे दोन-तीन पंखे पुरतात. एकेक पंखा दोन-तीन वॉट खातो आणि त्याचा आवाज बंद दाराआड ऐकू येत नाही. रेशीम शेडचे माप मोठे आहे. पन्नास फूट लांब आणि वीस फूट रुंद शेडमध्ये दहा फूट उंची धरली तर दहा हजार घनफूट हवा होते, आणि तिथे मोठे पातेच हवे. पण मोठे म्हणजे वेगवान असे समीकरण डोक्यात बसले आहे, ते काढून टाकावे लागेल. पंख्याचे शास्त्र असे सांगते, की पात्याचा वेग निम्मा केला तर हवा निम्मी होते, पण वीज आठव्या हिश्शावर येते आणि आवाज सुमारे पंधरा डेसिबलने उतरतो. दुकानात मिनिटाला 1400 आणि 900 फेऱ्यांच्या दोन्ही मोटारी मिळतात. सवयीने आणि ‘जास्त हवा’ या आशेने 1400 ची उचलली जाते. त्याच मापाचे पाते 900 फेऱ्यांवर लावले तर हवा दोन-तृतीयांशाच्या जवळ राहते आणि आवाज दहाएक डेसिबल कमी होतो. दहा डेसिबलची घट कानाला निम्म्या आवाजासारखी वाटते. उरलेली हवा भरून काढायला पाते मोठ्या मापाचे घ्यावे. बारा इंचीऐवजी अठरा इंची, पण सावकाश फिरणारे. या व्यवहारात काही गमवावे लागत नाही, फक्त भिंतीतले भोक मोठे पाडावे लागते.

परभणीत हे काम येणारी माणसे आधीपासून आहेत. उन्हाळा तोंडावर आला की मराठवाड्यातल्या प्रत्येक तालुक्याच्या गावी लोखंडी कूलर बनवणारे पत्रा कापायला, मोटारी भरायला बसतात. पाते वाकडे झाले की त्याचा तोल कसा साधायचा, बुश झिजला की घरघर कशी सुरू होते, कपॅसिटर कमजोर झाला की मोटार कशी गुणगुणते हे त्यांना शिकवावे लागत नाही. त्यांच्या भाषेत कपॅसिटर म्हणजे कंडेन्सर, आणि निम्म्या तक्रारी तो बदलून मिटतात. या कसबात थोडीच भर घालायची आहे. मोटार थेट पत्र्याला बोल्ट केली तर पूर्ण पत्रा तिच्याबरोबर वाजतो. तीच मोटार ट्यूबच्या रबराच्या पट्ट्यांवर टांगली, किंवा बोल्टच्या दोन्ही बाजूंना जाड रबरी वॉशर घातले, की कंपन भिंतीत उतरत नाही. चौकट पत्र्याऐवजी जाड प्लायवुडची किंवा फळीची असावी. वेग कमी करायला साधा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर लावला तर मोटार हूं-हूं करू लागते, कारण तो विजेची लहर मध्येच कापतो. कपॅसिटरचा टप्प्याटप्प्याचा रेग्युलेटर घेतला तर हा त्रास होत नाही. पंख्यापुढे दोन-तीन फुटांचा प्लायवुडचा बोगदा करून त्याला एक काटकोनी वळण दिले, तर आवाज बराचसा त्या वळणातच जिरतो. बोगद्याला आतून गोणपाट लावता येते, मात्र ओलसर हवेत त्याला बुरशी धरते. म्हणून ते खिळ्यांनी ठोकून न बसवता काढता येईल असे अडकवावे आणि प्रत्येक बॅचनंतर उन्हात टाकावे किंवा बदलावे.

सर्वांत जास्त चुका जाळीपाशी होतात. रेशीम शेडला अळ्यांवर जगणाऱ्या उझी माशीला रोखण्यासाठी बारीक जाळी लागतेच, तिला पर्याय नाही. पण ती पंख्याच्या तोंडाला चिकटवून ताणली, की पाते अडखळत्या हवेत फिरते आणि शिटीसारखा आवाज येतो. शिवाय जाळीच्या छिद्रांत धूळ व पाल्याचा कोंडा अडकून आठवड्यात हवा निम्मी होते. जाळी पंख्यापासून फूटभर दूर, पंख्याच्या तोंडाच्या तिप्पट क्षेत्रफळाच्या चौकटीवर बसवली तर हवा सावकाश आत शिरते, आवाज पडतो आणि जाळी ब्रशने झाडायला सोपी जाते. समोरच्या भिंतीतल्या हवा आत येण्याच्या जागेलाही हाच नियम. सावकाश फिरणारा पंखा शांत असतो, तसा तो दाबाला कमजोरही असतो. वेग निम्मा झाला की त्याचा जोर चौथाईवर येतो. अरुंद भोके, गच्च भरलेले कूलरचे गवत किंवा कधीच न धुतलेली जाळी त्याला झेपत नाही. त्याला रुंद वाट दिली पाहिजे. हे न समजता केलेला ‘सायलेंट’ पंखा नुसता फिरतो आणि हवा मात्र हलत नाही. मग लोक पुन्हा 1400 कडे वळतात.

या जिल्ह्याच्या हवेचा स्वभाव पाहिला तर वेग कमी-जास्त करता येणे किती गरजेचे आहे ते कळते. मे महिन्यात दुपारी पारा 42-43 अंशांवर असतो आणि हवा इतकी कोरडी, की समोरच्या भिंतीतल्या ओल्या वाळ्यातून किंवा कूलरच्या गवतातून ती ओढून घेतली तर तिशीच्या आत आणता येते. तेव्हा पंखा पूर्ण वेगाने हवा. पावसाळ्यात ही युक्ती चालत नाही, कारण हवेत आधीच बाष्प असते. तेव्हा गवत ओले ठेवणे म्हणजे शेडमध्ये दमटपणा ओढून घेणे आहे. आणि हिवाळ्यात हाच परभणी जिल्हा कडाक्याच्या थंडीसाठी बातम्यांत येतो, कृषी विद्यापीठाच्या आवारातला पारा कधी पाच अंशांच्याही खाली जातो. अशा रात्री जोराचा एक्झॉस्ट लावला तर अळ्या गारठतील, म्हणून शेड गच्च बंद केली जाते, शेगडी किंवा हीटर लावला जातो आणि कोंदटपणा सर्वाधिक होतो. कोळशाची शेगडी असेल तर तिथे झोपलेल्या माणसाच्या जिवालाही धोका असतो. त्या रात्रीसाठी अगदी मंद, तासाला दोन-चार वेळा हवा बदलेल इतकाच पंखा हवा. एकाच वेगाचा गोंगाटी पंखा उन्हाळ्यात अपुरा आणि हिवाळ्यात अति ठरतो.

यावर पहिला आक्षेप असा, की शेड नीट बांधली तर पंख्याची गरजच काय? पूर्व-पश्चिम लांबी, समोरासमोर खिडक्या, छपराच्या खाली गरम हवा जायला झरोके, आजूबाजूला झाडांची सावली असेल तर वर्षातले कितीतरी दिवस पंख्याशिवाय जातात. हे मान्यच आहे, आणि पैसा मर्यादित असेल तर तो आधी झरोक्यांवर घालावा, असेच मी म्हणेन. पण वारा पडलेल्या रात्री, पाचव्या अवस्थेतल्या आणि कोष विणण्याच्या दिवसांत, व थंडीत बंद ठेवलेल्या शेडमध्ये खिडक्या उपयोगी पडत नाहीत. घरातल्या खोलीत तर समोरासमोर खिडक्या क्वचितच असतात. दुसरा आक्षेप तयार मालाचा. नळीत बसणारे शांत पंखे बाजारात मिळतात, मग घरी खटपट कशाला? ज्याला परवडतात त्याने जरूर घ्यावेत. पण ते कार्यालये व न्हाणीघरांसाठी घडवलेले असतात. ब्लीचिंग पावडर आणि क्लोरीनच्या निर्जंतुकीकरणात त्यांचे भाग गंजतात, बीजाणूंच्या धुळीने बेअरिंग जाम होते आणि दुरुस्तीला शहर गाठावे लागते. बॅच रॅकवर असताना तेवढी वाट पाहता येत नाही. हुकांवर टांगलेला, निर्जंतुकीकरणाआधी दहा मिनिटांत काढून बाहेर ठेवता येणारा, तालुक्याच्या मिस्त्रीला उघडता येणारा पंखा या कामाला अधिक योग्य आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे आणि त्याला बगल देता येणार नाही. घरगुती जुगाड आणि ओली जागा एकत्र आली की शॉक बसतो. लोखंडी कूलरचा शॉक बसून माणसे, विशेषतः मुले आणि घरात पाणी भरणाऱ्या बायका, दगावल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. त्यामुळे शांत पंख्याइतकाच आग्रह सुरक्षित पंख्याचा हवा. छोट्या खोलीत 230 व्होल्टची तार आत नेण्याची गरजच नाही. बारा व्होल्टचे पंखे लावावेत, त्यांचा पुरवठा करणारा डबा खोलीबाहेर कोरड्या भिंतीवर ठेवावा. मोठ्या मोटारीला खरे अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी असल्याशिवाय ती चालू करूच नये. हा खर्च टाळून पंखा बसवण्यापेक्षा तो न बसवलेला बरा. बारा व्होल्टचा आणखी एक फायदा भारनियमनाच्या गावांत लगेच कळतो. मोटारसायकलच्या नाही, पण इन्व्हर्टरच्या जुन्या बॅटरीवरही असे पंखे रात्र काढतात, आणि छपरावर एक छोटे सौर पॅनल असेल तर विजेची वाट बघावी लागत नाही.

कापसाचा भाव, सोयाबीनचा भाव, पाण्याची टंचाई यांच्यापुढे पंख्याचे काय कौतुक, असेही कोणी म्हणेल. भावावर शेतकऱ्याचा काही ताबा नाही, पावसावर तर नाहीच. शेडमधली हवा मात्र पूर्णपणे त्याच्या हातात आहे, आणि ती सुधारायला लागणारा खर्च एका बॅचच्या नुकसानीपेक्षा फार कमी आहे. अर्धा-एक एकर तुती लावून महिन्याकाठी पैसा उभा करू पाहणाऱ्या कुटुंबाला हा फरक नेमका कळतो.

म्हणून अपेक्षा परभणीकडूनच आहे. 1972 मध्ये स्थापन झालेल्या आणि 2013 पासून वसंतराव नाईकांचे नाव लावणाऱ्या आपल्या मराठवाडा कृषी विद्यापीठात रेशीम संशोधनाचे काम चालते आणि त्याच आवारात कृषी अभियांत्रिकीचे महाविद्यालयही आहे. या दोघांनी एकत्र बसून तीन-चार मापांचे पंखे गावातल्या मिस्त्रीकडून बनवून घ्यावेत. प्रत्येकाची हवा, वीज आणि एक मीटरवरचा आवाज मोजावा. जाळी स्वच्छ असताना आणि पंधरा दिवसांची धूळ बसल्यावर, दोन्ही वेळा मोजावे, कारण शेतात दुसरीच परिस्थिती असते. ते आकडे आणि कापायच्या फळ्यांची मापे मराठीत एका पानावर छापावीत. 18 मे च्या वर्धापनदिनाला खरीप मेळावा भरतो, सप्टेंबरात रब्बीचा. तिथे बियाण्यांच्या रांगेशेजारी 1400 चा आणि 900 चा पंखा एकाच चौकटीत चालवून दाखवावा, जवळ आवाज मोजणारे यंत्र ठेवावे. आयटीआयच्या मुलांना दर उन्हाळ्यात कूलरबरोबर हे कामही मिळू शकते. संगोपनगृहाच्या अनुदानासाठी शेडची लांबी-रुंदी तपासायला येणाऱ्या कर्मचाऱ्याने तासाला किती वेळा हवा बदलते हेही लिहून घ्यावे, आणि तपासणीची एक फेरी रात्री दहानंतर करावी, पाचव्या अवस्थेतल्या एखाद्या बॅचच्या वेळी. पंखा तेव्हा चालू आहे की बंद, एवढे पाहिले तरी शेडच्या आराखड्यात काय बदलायला हवे ते कळेल.